डाव्या डोळ्याचे तीन फोटो

गुरुवारी दवाखान्यातला डोळ्यांचे फोटो काढायचा कॅमेरा गेला आणि रविवारपर्यंत घरात दोन तट पडले.

तसा तो तीन-चार वर्षं आजारीच होता. फ्लॅश लागला तर लागला. सूनबाईला त्याच्या पाठीवरची नेमकी जागा ठाऊक होती. तिथे एक थाप मारली की तो नाइलाजानं उजळायचा. पण गुरुवारी एक म्हातारे गृहस्थ हनुवटी टेकवून, डोळा ताणून बसलेले असताना त्यानं जी मान टाकली ती टाकलीच. दुरुस्तीवाल्यानं मागचं झाकण काढलं, आत डोकावला आणि स्क्रू परत बसवत म्हणाला, "याचे भाग बनवणारी माणसंसुद्धा रिटायर झाली, वहिनी."

नवं यंत्र घ्यायचं यावर कुणाचं दुमत नव्हतं. भांडण होतं ते कोणतं घ्यायचं यावर. पहिल्या कंपनीचं शुक्रवारी पाहून झालं होतं. देखणं, चटपटीत, बाहुली मोठी करणारे थेंब न घालताही फोटो काढायचं आणि डोळ्याच्या पडद्याचे थर पुस्तकाच्या पानांसारखे सुटे करून दाखवायचं. फक्त जुने फोटो त्याच्यात उघडत नव्हते. दुसऱ्या कंपनीचं आज आलं होतं. थर तेही दाखवायचं, पण सावकाश, चार वेळा विचार केल्यासारखं. त्याचा एकच मोठा गुण होता. कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरमध्ये पडून असलेले चौदा वर्षांचे फोटो ते पोटात घ्यायला तयार होतं.

"त्या जुन्या फोटोंचं काय लोणचं घालायचंय?" सूनबाईचा नवरा दारात उभा राहून म्हणाला. खालचं चष्म्यांचं दुकान आणि वरच्या दवाखान्याचा सगळा व्यवहार तो बघायचा. घरात सगळे त्याला बंडू म्हणत. "चार हजार माणसांचे फोटो आत घ्यायला तीन आठवडे लागतील म्हणे. तीन आठवडे पेशंटला काय सांगू, आमचं सामानाची बांधाबांध चाललीय?"

"चार हजार माणसं आपली आहेत," ताई म्हणाली. ती त्याची थोरली बहीण. चार वर्षांपूर्वी मोठं हॉस्पिटल सोडून ती घरच्या दवाखान्यात आली आणि दोन वर्षांपूर्वी वडिलांनी तपासणीची मुख्य खुर्ची तिला दिली. दिली म्हणजे खोलीतली जागा दिली; सवय दिली नाही. अजूनही सकाळचे पहिले दहा पेशंट त्यांचेच असत. "काल काय होतं हे कळल्याशिवाय आज काय बिघडलंय ते कसं कळणार?"

"फोटो नव्हतेच तेव्हा मी तीस वर्षं चालवलं," अप्पा म्हणाले. शहात्तरीचे अप्पा भिंतीशी लोखंडी स्टुलावर ताठ बसले होते. "निम्मी माणसं त्यातली गेली. गेलेल्यांचे डोळे कशाला सांभाळायचे? जुनं जुन्या जागी राहू दे. बंडू म्हणतो ते बरोबर आहे."

सूनबाईला नवल वाटलं. बापलेकांचं एका गोष्टीवर एकमत झालेलं तिनं या घरात फारसं पाहिलं नव्हतं. चष्म्याच्या दुकानात रंगीत फ्रेमा ठेवण्यावरून दोघं आठ महिने एकमेकांशी बोलले नव्हते.

"आणि यंत्रावर रोज बसणार कोण?" ताई म्हणाली. "तिला कुणी विचारलंय का? वहिनी, तुला काय वाटतं?"

सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. चौदा वर्षं ती या खोलीत फोटो काढत होती. लग्न होऊन आली आणि दुसऱ्याच महिन्यात अप्पांनी तिला कॅमेऱ्यापुढे बसवलं होतं. तिला डोळ्यांतलं कळत नव्हतं असं नाही, पण कळतंय असं म्हणायची तिला मुभा नव्हती. नवऱ्याच्या भुवया वर गेल्या होत्या. त्याचा अर्थ तिला पाठ होता.

"आधी चालवून तर बघू," ती म्हणाली.

कंपनीकडून आलेली इंजिनिअर मुलगी एवढ्याचीच वाट पाहत होती. "ज्यांचे जुने फोटो आहेत अशा कुणाचा तरी नवा काढूया. एकाच माणसाचे जुने लगेच आत घेता येतात, मग दोन्ही शेजारी ठेवून दाखवते."

"माझे आहेत की," खिडकीपाशी बसलेली आत्या म्हणाली. "मधुमेह लागला तेव्हापासून डोळा जाईपर्यंत दादानं दर दोन वर्षांनी काढायला लावले. माझ्याइतकं हौशी गिऱ्हाईक तुला मिळायचं नाही."

आत्या म्हणजे अप्पांची धाकटी बहीण. लग्न केलं नाही. दवाखान्याच्या खिडकीपाशी बसून एकतीस वर्षं पेशंटची कार्डं लिहिली. माणूस जिना चढत असतानाच पावलांवरून ओळखायची आणि तो वर येईपर्यंत कार्ड बाहेर काढून ठेवायची. सहा वर्षांपूर्वी डावीकडच्या दाराच्या चौकटीवर ती दोनदा आपटली, तेव्हा कळलं की डावा डोळा जवळजवळ गेलेला आहे. काचबिंदू. त्यातही डोळ्यातला दाब न वाढता नस खाणारा, गुपचूप प्रकार. 'आधी काहीच खूण नव्हती, चिमे. दाब नेहमी बरोबर होता,' असं अप्पांनी तेव्हा सांगितलं होतं. उजवा डोळा थेंबांवर टिकून होता, पण त्याच्याही नजरेचा घेर कडेकडेनं आक्रसला होता. कार्डं लिहिणं सुटलं. ती रोज येऊन बसायची मात्र.

"चिमेला कशाला दगदग?" अप्पा एकदम म्हणाले. "दुसरं कुणी बघा. बंडूचे काढा."

"बंडूचे जुने कुठे आहेत?" आत्या उठलीसुद्धा. "दगदग कसली? बसायचंय तर आहे. पोरी, हात दे."

सूनबाईनं तिला यंत्रापुढे बसवलं, हनुवटीखालचा कागद बदलला. नव्या यंत्रात नजर स्थिर ठेवायला एक हिरवा ठिपका होता, पण डाव्या डोळ्याला तो दिसणार नव्हता. म्हणून तिनं बाहेरच्या दांडीवरचा छोटा दिवा उजव्या डोळ्यापुढे आणला. "उजव्यानं याच्याकडे बघत राहा, आत्या. डावा आपोआप मागे येईल."

"आंधळ्याला डोळस ओढतो तसं," आत्या म्हणाली. "काढ."

प्रकाश उमटला. पडद्यावर डावा डोळा आला. आणि मग इंजिनिअर मुलीनं एक कळ दाबताच त्याच्या शेजारी एकेक करून तीन जुने फोटो येऊन बसले. बारा वर्षांपूर्वीचा, दहा वर्षांपूर्वीचा, आठ वर्षांपूर्वीचा.

"बघा," इंजिनिअर मुलगी उत्साहानं सांगू लागली, "सगळे एकाच मापात आणलेत. ही मधली गोल चकती म्हणजे नसेचं तोंड. तिच्यातल्या पांढऱ्या खड्ड्याची कड यंत्र स्वतः आखतं. बारा वर्षांपूर्वी खड्डा किती लहान होता, मग दहा वर्षांपूर्वी खालच्या बाजूला सरकला, आणि आठ वर्षांपूर्वी तर..."

ती थांबली. डोळ्यांचा अभ्यास नसला तरी असे फोटो तिनं शेकड्यांनी पाहिले असणार.

सूनबाईनं चारही फोटोंवरून एकदा नजर फिरवली आणि ती परत पहिल्यावर आली. एकेकटा पाहिला तर प्रत्येक फोटो साधा होता, कुणालाही शंका येऊ नये असा. शेजारी शेजारी ठेवले की खड्डा चालत निघालेला दिसत होता. पहिल्यात चकतीच्या मध्यावर, दुसऱ्यात खाली कलंडलेला, तिसऱ्यात काठाला टेकलेला. आणि दुसऱ्या फोटोत, चकतीच्या अगदी किनाऱ्यावर, ब्रशनं सहज ओढावी तशी बारीक लाल रेघ होती. रक्ताची. ही रेघ म्हणजे नस दुखावल्याची खूण, एवढं तिला आज कळत होतं.

त्या फोटोच्या कोपऱ्यात काढणाऱ्याची खूण म्हणून तिच्याच नावाचं आद्याक्षर होतं.

ताईनं पडद्याकडे पाहिलं, मग वडिलांकडे. अप्पा पडद्याकडे बघतच नव्हते. ते बहिणीच्या पाठीकडे बघत होते.

"झालं का?" आत्यानं हनुवटी उचलली. एवढ्या लांबचा पडदा तिला नुसता उजेडाचा चौकोन दिसायचा. "काय दिसतंय? सगळे गप्प का?"

"काही नाही, आत्या," बंडू घाईनं म्हणाला. "यंत्र जरा अडकलंय."

"बंडू," अप्पा म्हणाले, "तिच्याशी खोटं बोलू नकोस."

ते उठले. स्टूल स्वतः उचलून आत्यापुढे आणून ठेवलं आणि बसले, पेशंटपुढे बसायचे तसे, गुडघ्याला गुडघा लागेल इतके जवळ.

"चिमे, तुझ्या डोळ्यात खूण होती. दहा वर्षांपूर्वीच्या फोटोत आहे. तेव्हा थेंब सुरू केले असते तर डोळा टिकला असता. सगळा नाही, पण बराच."

आत्यानं मान किंचित डावीकडे वळवली. उरलेल्या नजरेनं माणसाचा चेहरा पकडायची तिची ती रीत होती. "आणि तुला ती दिसली नाही."

"तेव्हा नाही दिसली. दाब बरोबर होता, म्हणून मी फोटो मधुमेहापुरताच बघितला आणि पुढे गेलो."

"तेव्हा नाही," आत्या सावकाश म्हणाली. "मग कधी?"

अप्पांचे हात गुडघ्यांवर होते. सूनबाईनं त्या हातांना हजारो डोळे उघडताना पाहिलं होतं. ते कधी हलले नव्हते. आत्ताही हलत नव्हते.

"तू चौकटीवर आपटलीस ना, त्या आठवड्यात मी जुने फोटो काढून बघितले. एकटाच बसून. मग बंद केले."

"सहा वर्षं तुला माहीत होतं."

"हो."

"अप्पा!" ताईचा आवाज चिरकला. "मी आले तेव्हा तुम्हाला विचारलं होतं. तुम्ही म्हणालात आधीची काहीच खूण नाही. मी तुमच्या शब्दावर ते फोटो उघडलेसुद्धा नाहीत."

"माहीत आहे."

"म्हणून जुनं जुन्या जागी राहू दे," बंडू पुटपुटला. आपण सकाळपासून कुणाच्या बाजूनं भांडत होतो हे त्याला आत्ता उमगत होतं. तो दाराची चौकट सोडून आत आला आणि आत्याच्या खुर्चीमागे उभा राहिला.

"फोटो कुणी काढला होता?" आत्यानं विचारलं.

"मी," सूनबाई म्हणाली.

"तुला काही दिसलं होतं?"

नाही म्हणणं अगदी सोपं होतं. तिचं काम फोटो काढायचं होतं, वाचायचं नाही; कुणी तिला बोल लावला नसता. अप्पांच्या डोक्यावर आधीच पुरेसं होतं. त्यात आपण भर कशाला घालायची, असंही तिच्या मनात आलं. पण आत्याचा चेहरा तिच्याकडे वळून थांबला होता.

"एक लाल रेघ दिसली होती. मी अप्पांना हाक मारून विचारलं. ते ऑपरेशनला निघाले होते. म्हणाले, काचेवर काहीतरी असेल, पुसून घे."

"मग?"

"मी काच पुसली."

"परत काढलास फोटो?"

"नाही, आत्या. बाहेर खूप माणसं थांबली होती."

अप्पांनी झटकन तिच्याकडे पाहिलं. "तू मला विचारलं होतंस?"

"हो."

"मला आठवत नाही," ते म्हणाले, आणि इतका वेळ ताठ असलेली त्यांची पाठ वाकली. जे त्यांनी मनात दडवलं होतं त्याची तयारी त्यांनी सहा वर्षं केली होती. हे मात्र त्यांच्या हिशेबात कधीच नव्हतं.

आत्यानं मांडीवरचे दोन्ही हात उलटे करून तळव्यांकडे पाहिलं.

"डॉक्टर कधी चुकत नाहीत असं मी म्हणत नाही. एकतीस वर्षं मी या दारात बसले. कोण हसत गेलं, कोण रडत गेलं, सगळं बघितलं. चुकलास, असू दे. पण मला वाटायचं हे माझ्यामुळे झालं. त्या बारीक सुयांच्या विणकामामुळे. मी तुला म्हटलंही होतं, दादा, मीच डोळे जाळले का रे? आठवतं?"

"आठवतं."

"तू काय म्हणालास?"

"काही म्हणालो नाही."

"काही म्हणाला नाहीस. मी माझ्या सगळ्या सुया वाटून टाकल्या. लोकर वाटली. अर्धवट राहिलेली शालसुद्धा उसवून दिली. तू समोर बसला होतास, चहा पीत." ती थांबली. "डोळा गेला ते मी सोसलं. हे कसं सोसू ते तू सांग."

सूनबाईनं सासऱ्यांना रडताना कधी पाहिलं नव्हतं, सासूबाई गेल्या तेव्हाही नाही. आत्ताही ते रडले नाहीत. नुसते बसून राहिले, आणि ते बघणं जास्त अवघड होतं. इंजिनिअर मुलगी हळूच बाहेर निघून गेली आणि दार तिनं लावून घेतलं.

शेवटी बंडूच बोलला. "घरी जाऊया. यंत्राचं मागाहून बघू. हे घरातलं घरात राहील, ताई. बाहेर गेलं तर—"

"त्या पेटीत आणखी कोण आहे?" आत्यानं विचारलं.

कुणालाच चटकन कळलं नाही. तिनं बोट कोपऱ्यातल्या जुन्या कॉम्प्युटरच्या दिशेनं अंदाजानं उचललं होतं. "माझ्यासारखं. ज्यांचा दाब बरोबर होता, आणि ज्यांचा फोटो एकेकटा पाहिला गेला. मी एकटीच तर नसेन ना?"

"नसशील," अप्पा म्हणाले.

"आत्या, अगं चार हजार माणसं आहेत," बंडू म्हणाला. "त्यांना बोलावून सांगायचं काय? आमचं चुकलं होतं? लोक अंगावर येतील. चाळीस वर्षांचं नाव एका दिवसात मातीत जाईल."

"जाऊ दे," ताई म्हणाली. "नाव राहिलं आणि डोळे गेले, तर त्या नावाचं काय करायचं?"

"तुला बोलायला सोपं आहे. खाली दुकानात मी बसतो, लोक आधी माझ्याकडे येतात."

"मग आधी तूच त्यांना पाणी दे," आत्या म्हणाली. सूनबाईनं नवऱ्याकडे पाहिलं. तो वाईट माणूस नव्हता, भ्यालेला होता. लग्नाला चौदा वर्षं झाली तेव्हा कुठे तिला त्यातला फरक ओळखता येऊ लागला होता.

"मी आत्या-ताईंच्या बाजूची आहे," ती त्याला म्हणाली. सर्वांसमोर त्याच्याविरुद्ध ती पहिल्यांदाच बोलत होती. "सगळे फोटो मी लावते. तीन आठवडे लागले तर लागले. काढले मीच आहेत."

त्यानं तिच्याकडे टक लावून पाहिलं. मग खिशातून फोन काढला, परत ठेवला. "पुढच्या महिन्यातल्या भेटी पुढे ढकलाव्या लागतील," तो म्हणाला. त्याचा होकार असाच यायचा.

"हेच यंत्र घ्या," अप्पा उभे राहिले. स्टुलाला धरून. "आणि उद्यापासून मी पेशंट तपासणार नाही."

"तपासू नकोस," आत्या म्हणाली. "पण घरी बसून तोंड लपवायचं नाही. जे निघतील त्यांना तू सांगायचंस. चिठ्ठी नाही, ताईकरवी नाही. तुझ्या तोंडानं. मला सांगितलंस तसं, पण सहा वर्षं न थांबता."

अप्पांनी मान हलवली. मग तिला ते दिसलं नसेल हे लक्षात येऊन म्हणाले, "सांगेन."

तीन आठवड्यांचे पाच झाले. सूनबाई सकाळी चालू पेशंटचे फोटो काढायची आणि दुपारभर जुने आत घ्यायची. यंत्र कडा आखायचं, ताई प्रत्येक संशयित फोटो स्वतः पाहायची, कारण यंत्र कधीकधी साध्या मोठ्या चकतीलाही बोट दाखवायचं. अप्पा आत्याच्या जुन्या खिडकीपाशी बसायचे. आत्या त्यांच्या शेजारी असायची, पण कामापुरतं बोलायची. घरी जेवताना ती आपली खुर्ची टेबलाच्या दुसऱ्या टोकाला नेऊन बसू लागली होती, आणि कुणी तिला परत बोलावलं नाही.

शेवटी एकतीस जण निघाले. त्यातले काही वारले होते, काहींचा पत्ता लागेना. पहिलं नाव एका शिवणकाम करणाऱ्या बाईंचं होतं. आत्याला त्या आठवत होत्या. "डाव्या पायावर जोर देऊन चढायच्या. मुलगी असायची बरोबर, दोन वेण्या घालणारी."

अप्पांनी नंबर लावला. सूनबाई यंत्राच्या खोलीच्या दारात उभी होती. पलीकडे मुलीनं फोन घेतला. आता तिचा आवाज मोठ्या बाईचा होता.

"आईंशी बोलायचं होतं," अप्पा म्हणाले. "मी डोळ्यांचा डॉक्टर. पूर्वी यायच्या माझ्याकडे."

मग ते ऐकत राहिले.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं. "एक पूर्ण? आणि दुसरा?"

त्यांनी आत्याकडे पाहिलं. फोन ठेवून द्यायला आता सबब होती. उशीर झाला होता, सांगून काय उपयोग, असं कुणीही म्हटलं असतं. आत्या हलली नाही. मदतीला आलीही नाही.

"बाळ, ऐक," अप्पा म्हणाले. "तुझ्या आईच्या डोळ्यात सात वर्षांपूर्वी एक गोष्ट मला दिसायला हवी होती. ती फोटोत आहे. माझ्याकडून सुटली. म्हणून तिचा डोळा गेला." पलीकडून मुलगी बोलू लागली, आणि अप्पांनी डोळे मिटून ते सगळं ऐकून घेतलं, मध्ये एकदाही न बोलता. शेवटी म्हणाले, "हो. हे सगळं तू मला समोर येऊन परत बोल. पण दुसरा डोळा अजून वाचू शकतो. तिला घेऊन ये. आज, आत्ता. मी दारात उभा असतो."

आणि ते खरंच जिना उतरून गेले.

सूनबाईनं यंत्र सुरू केलं, हनुवटीखाली कोरा कागद लावला आणि खिडकीशी आली. ऊन भिंतीवर सरकत होतं. अप्पा फुटपाथवर बंडूनं दिलेली खुर्ची नाकारून उभे होते. तासाभरानं एक गाडी थांबली. मुलगी आधी उतरली, मग तिनं आईला उतरवलं. अप्पांनी हात पुढे केला. मुलीनं तो पाहिला, आईचा दंड स्वतःच्या हातात घट्ट घेतला आणि त्यांच्या बाजूनं निघून पायऱ्या चढू लागली. बाई डाव्या पायावर जोर देत होत्या.

अप्पा एक पायरी खाली राहून त्यांच्या मागोमाग चढू लागले. हात त्यांनी तसाच पुढे धरला होता, कुणाचाही तोल गेला तर सावरता यावं म्हणून.